दिवेलागणीची साक्ष

रुद्राणीचं पत्र आलं तेव्हा भालचंद्र मोहोळकर अजून वकील झाले नव्हते. पुण्यात कायद्याचं शिकत होते. पत्र चार ओळींचं होतं.

‘दुधनीचं स्थळ आलं आहे. पसंती झाली आहे. माझ्या डोळ्यांचं त्यांना सांगावं की नाही, एवढं तू कळव. सांग म्हणालास तर सांगेन, मग मोडलं तरी चालेल. तुझं उत्तर आलं नाही तर न सांगता जाईन.’

त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही.

द्यायचं नव्हतं असं नाही. लिहायला बसले होते, पुष्कळदा बसले. पण मायना काय घालावा इथेच गाडी अडली. ‘प्रिय’ लिहायची छाती नव्हती. ‘कुमारी’ लिहिलं तर शाळेच्या दाखल्यासारखं दिसत होतं. मायन्याच्या आड खरी अडचण वेगळीच दडून बसली होती. ‘सांग’ म्हटलं की लग्न मोडणार. मोडलं की मुलीला मागणी घालायला कुणीतरी पुढे यायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच, हे त्यांना लख्ख कळत होतं. ती लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी; हा सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या विधवा आईचा एकुलता एक. लिहायचा होता एकच शब्द, पण त्या शब्दाच्या मागे सगळी गल्ली उभी होती. आज लिहू, उद्या लिहू, परीक्षा झाली की लिहू, असं करता करता लग्न होऊन गेल्याचं कानावर आलं. पत्र एका पुस्तकात ठेवलं होतं. ते पुस्तक कुणीतरी वाचायला नेलं आणि परत आणून दिलं नाही. पत्र गेलं, मजकूर तेवढा पाठ राहिला.

डोळ्यांचं म्हणजे काय, ते तिच्या आईखेरीज फक्त त्यांना माहीत होतं. रुद्राणीला दिवेलागणीनंतर दिसत नसे. दिवसा ती सुईत दोरा ओवायची, बारीक टाइपाची पुस्तकं वाचायची. पण ऊन उतरलं की तिच्यापुढे पडदा पडायचा. कंदील म्हणजे पिवळा डाग, माणूस म्हणजे नुसता आवाज. दोघांची घरं सोलापुरात बाळी वेशीच्या बाजूला, शेजारशेजारच्या गल्ल्यांत. दोघांनाही वाचनालयात बसायचं वेड. एका संध्याकाळी वाचनालयाची पायरी चुकून ती पडली आणि उठताना भिंतीलाच ‘जरा हात द्या’ म्हणाली, तेव्हा भालचंद्रला कळलं.

“कुणाला सांगशील तर माझ्या आईची आण आहे,” ती म्हणाली होती. “आंधळी म्हणतील. आंधळीला कोण करून घेतं?”

त्यानंतर त्यांनी एक युक्ती काढली. वाचनालय बंद झालं की भालचंद्र पुढे निघायचा आणि हातातली छत्री फरशीवर टोकत चालायचा. टक, टक. रुद्राणी दहा-बारा पावलं मागून त्या आवाजावर यायची. वळणावर दोनदा टक टक, पायरी आली की छत्री जरा घासायची. बघणाऱ्याला वाटावं, एक पोरगा चाललाय आणि मागून एक मुलगी चाललीय, एकमेकांचा काही संबंध नाही. मिलचा भोंगा वाजला की मात्र पंचाईत व्हायची.

“जोरात आपट की,” ती मागून दबक्या आवाजात म्हणायची. “छत्री मोडली तर मोडली, बाबांच्या दुकानातून नवी देते.”

त्या दोन पावसाळ्यांत आणि दोन उन्हाळ्यांत त्यांचा एकमेकांना हातसुद्धा लागला नाही. तरी पुढच्या तीस वर्षांत आपल्यामागून कुणी येत आहे असं मोहोळकरांना पुन्हा कधी वाटलं नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. आई होती तोवर आईचं कारण, आई गेल्यावर वयाचं कारण. वकिली बेताचीच चालली. आवाज बारीक, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय नाही, आणि कुठलाही मुद्दा मांडला की लगेच त्याची दुसरी बाजू स्वतःलाच पटू लागायची. वकिलाला हा रोग चांगला नव्हे. बाररूममध्ये ते कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसत. बाराही महिने त्यांच्या हातात छत्री असायची, आणि सरकारी वकील येळेगावकर दर वर्षी तोच विनोद करायचे, “सोलापुरात पाऊस पडो न पडो, मोहोळकरांची छत्री हजर!”

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर कोर्टाने त्यांना एक खुनाचा खटला दिला. आरोपी गरीब, वकील लावायची ऐपत नाही, म्हणून सरकारी खर्चाने. आरोपीचं नाव मायाप्पा. मेंढरं राखणारा धनगर. त्याची आई तानाबाई पहिल्याच दिवशी सात रस्ता चौकातल्या त्यांच्या खोलीत आली, दारातच बसली आणि पदराच्या गाठीतला भंडारा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

“आत या, बाई. खुर्चीवर बसा.”

“हितंच बरं हाय मला. साहेब, तुमी लई शिकलेलं दिसताय. एवढी पुस्तकं वाचलीसा?”

“वाचली खरी.”

“मग त्येंच्यात कुटं लिवलंय का, न केल्याली गोष्ट केली न्हाय म्हणून कसं दावायचं?”

 त्यांनी भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावली. तानाबाईला तेवढ्याने धीर आलेला दिसला. त्यांचा स्वतःचा मात्र होता तो धीर गेला.

तुरुंगात मायाप्पा त्यांना भेटला. तिशीचा, उंच, गप्प माणूस. गजांना धरून उभा राहायचा, पण नजर सारखी वर, आभाळाच्या तुकड्याकडे.

“साहेब, मी न्हाय मारलं. दुधनीच्या चन्नवीर सावकाराच्या रानात आमची मेंढरं बसली हुती. आमच्या घराण्याची रीत हाय. ज्येच्या रानात मेंढरं बसवायची, त्येच्या सोप्यात आपली घुंगुरकाठी टेकवून यायचं. काठी तितं हाय म्हंजे आमचं मन त्येच्या रानात हाय. सकाळी मेंढरं उटवताना काठी परत घ्यायची. म्या सांजच्याला काठी ठेवली, आन् रानात गेलो. सकाळी पोलिसच आलं की.”

“म्हणजे संध्याकाळपासून काठी बाहेरच्या सोप्यात होती. कुणीही उचलू शकला असता.”

“व्हय. पर कोण उचलंल? धनगराच्या काठीला कोण हात लावत न्हाय.”

चन्नवीर त्याच काठीच्या घावाने मेला होता. काठी प्रेताशेजारी पडली होती. पण काठीने काही सिद्ध होत नव्हतं. घराण्याची रीत सांगणारी चार माणसं उभी करता आली असती. मायाप्पाला फासापर्यंत नेणारी गोष्ट दुसरी होती. खून होताना एका साक्षीदाराने पाहिला होता. चन्नवीरच्या थोरल्या भावाची विधवा, त्याच घरात राहणारी. पोलिसांच्या कागदावर तिचं नाव वाचलं आणि मोहोळकरांनी चष्मा काढून ठेवला.

रुद्राणी.

‘दिवेलागण झाली होती. दिरांची किंकाळी ऐकून मी सोप्याच्या दाराशी आले. मायाप्पा धनगर काठी मारताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.’

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. दिवेलागण झाली होती, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिला.

काय घडलं असेल ते त्यांना बसल्या जागी दिसलं. घुंगरांचा आवाज तिने ऐकला असेल. तो आवाज संध्याकाळपासून तिच्या ओळखीचा. मग घर माणसांनी भरलं असेल, फौजदाराने विचारलं असेल, ‘पाहिलंत का, बाई?’ दार आणि प्रेत यांत चार हातांचं अंतर, भिंतीवर कंदील पेटलेला. नाही म्हणावं तर का नाही? तीस वर्षं ज्या घरात तिने खांब, उंबरे, पायऱ्या अंगवळणी पाडून कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, त्या घरात सगळ्यांसमोर तिला सांगावं लागलं असतं. तिला बहुधा खात्रीही होती की मारणारा मायाप्पाच. कानांवरच तर ती जगत आली होती. म्हणून ती ‘पाहिला’ म्हणाली असेल.

आणि ती लपवत का आली होती? एक उत्तर वेळेवर गेलं नाही म्हणून.

मोहोळकरांना वाटलं, वकीलपत्र परत करावं. पण कारण काय सांगणार? आणि दुसरा वकील आला तर त्याला हे ठाऊक नसणार. म्हणजे मायाप्पा गेलाच. ते सांगितलं तर तिची आण मोडते, तीही भरल्या कोर्टात, तिच्या मुला-सुनेसमोर. वाटलं, तिला पत्र लिहावं, आधी कल्पना द्यावी. लिहायला बसलेसुद्धा. मग आठवलं की खटला चालू असताना आरोपीच्या वकिलाने फिर्यादीच्या साक्षीदाराला पत्र लिहिणं हा गुन्हा ठरेल. ते स्वतःशीच कसनुसं हसले. उत्तर द्यायला कुणी अडवत नव्हतं तेव्हा हात चालला नाही. आज हात शिवशिवत होता तर कायदा आडवा आला.

डिसेंबरात खटला उभा राहिला. पहिले डॉक्टर, मग पंच, मग फौजदार. येळेगावकर रंगात होते. रुद्राणीचं नाव पुकारलं तेव्हा दुपार बरीच कलली होती.

ती आली. केस पांढरे, कपाळावर विभूती, पांढऱ्या लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून. पिंजऱ्याच्या दोन पायऱ्या चढण्याआधी तिने क्षणभर थांबून त्या नीट पाहून घेतल्या. उजेड असेतो जागेची ओळख करून घ्यायची तिची ही जुनी सवय.  तिने कोर्टभर नजर फिरवली. ती नजर त्यांच्यावरून पुढे गेली, आणि परत आली. मग त्यांच्या खुर्चीला टेकवलेल्या छत्रीवर थांबली.

येळेगावकरांनी तिची साक्ष काढली. तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. आवाज तसाच होता, शेवटचा शब्द थोडा लांबवणारा. मोहोळकर कागदावर टिपणं घेत होते असं दिसत होतं. कागद कोरा होता. तीस वर्षं मनात त्यांनी किती बोलणी केली होती या आवाजाशी! त्यातल्या एकाही बोलण्यात ती पिंजऱ्यात उभी नव्हती.

येळेगावकर बसले तेव्हा उंच खिडक्यांमधलं ऊन गेलं होतं, आणि वीज दुपारपासूनच नव्हती. त्या वर्षी विजेचं असंच चाललं होतं. न्यायाधीशांनी खिडकीकडे पाहिलं.

“मोहोळकर, उलटतपासणी आज सुरू करता की उद्या सकाळी? आज करायची तर मी थोडं थांबायला तयार आहे.”

हा प्रश्न येणार हे मोहोळकरांना तासाभरापासून दिसत होतं. उद्या म्हटलं तर लखलखीत उजेड, आणि सगळं तोंडाने बोलावं लागणार. आज म्हटलं तर काहीच बोलायला नको. दहा-पंधरा मिनिटं इकडचे तिकडचे प्रश्न विचारायचे, अंधार दाटू द्यायचा, आणि मग साधं म्हणायचं, ‘बाई, आरोपीकडे बोट दाखवा.’ ती चाचपडेल. न्यायाधीश समजतील. आण मोडली नाही असं स्वतःला सांगताही येईल.

“आज,” ते म्हणाले. स्वतःच्या आवाजाची त्यांना भीती वाटली.

प्रश्न सुरू झाले. घर केवढं, दारं किती, सोपा कुठल्या दिशेला, घरात माणसं कोण. रुद्राणी नीट उत्तरं देत होती. दालनात काळोख उतरत होता. पट्टेवाला कंदील आणायला गेला. मायाप्पाच्या पिंजऱ्यापाशी आता फक्त एक उंच आकार उरला. बाकावर बसलेल्या तानाबाईने बैठक बदलल्याची चाहूल आली. वेळ झाली होती.

“बाई,” मोहोळकर म्हणाले, “आता तुम्ही आरोपी—”

आणि त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. तिचा उजवा हात पिंजऱ्याच्या कठड्यावरून हळूहळू सरकत होता, टोक कुठे आहे ते शोधत. चेहरा त्यांच्या आवाजाच्या दिशेला वळलेला होता, पण नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. ती वाट पाहत होती. त्यांचा आवाज आता कुठे नेईल त्याची वाट पाहत होती, अगदी तशीच.

“साहेब,” मोहोळकर न्यायाधीशांना म्हणाले, “मला बाकीचे प्रश्न उद्या सकाळी विचारायचे आहेत.”

“अहो, आत्ताच तर आज म्हणालात!”

“चुकलं माझं.”

येळेगावकर शेजारच्याला ऐकू जाईल इतपत म्हणाले, “दोन्ही बाजू पटल्या वाटतं.” दोघंतिघं हसले. न्यायाधीश कागद आवरून उठले. माणसं दाराकडे निघाली. रुद्राणी मात्र पिंजऱ्यातच उभी होती, कठडा धरून, जणू कुणाशी बोलायचं आहे म्हणून थांबल्यासारखी. तिचा मुलगा बाहेर गाडी बघायला गेला होता.

मोहोळकरांनी छत्री उचलली आणि पिंजऱ्याजवळून जाताना तिचं टोक पायरीवर घासलं. एकदा. मग दुसऱ्या पायरीवर. मग फरशीवर टक, टक करत दाराकडे निघाले. मागे वळले नाहीत. वळायची गरजच नव्हती. मागून लुगड्याची सळसळ येत होती, दहा-बारा पावलांवर. दाराच्या उंबऱ्याशी त्यांनी छत्री पुन्हा जरा घासली. ती उंबरा ओलांडून व्हरांड्यात आली आणि तिच्या मुलाने ‘अव्वा, इकडे’ अशी हाक मारली. मोहोळकर तसेच जिना उतरून गेले. सगळा रस्ता त्यांची छत्री वाजत राहिली आणि मागे कुणी नव्हतं.

फाटकाशी तानाबाईने त्यांना गाठलं.

“साहेब, मदीच सोडलासा? माजं लेकरू जाईल की वो!”

“उद्या विचारतो, बाई.”

“उद्या काय इचारणार?”

“जे आज विचारणार होतो तेच. पण उजेडात.”

तानाबाईला काही समजलं नाही. मोहोळकरांनाही पुरतं समजलं होतं असं नाही. आपण केलं ते तिच्यासाठी, की आपली छाती झाली नाही म्हणून, हे कोडं घेऊनच ते घरी गेले. एका माणसाचा जीव आपल्या भित्रेपणावर टांगला आहे, असं त्यांना जेवताना वाटलं आणि भाकरी तशीच राहिली.

सकाळी कोर्ट गच्च भरलं होतं. खिडक्यांतून ऊन थेट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पडलं होतं. रुद्राणी उभी राहिली तेव्हा तिने सरळ मोहोळकरांकडे पाहिलं. आता ती सगळं पाहू शकत होती. त्यांचं टक्कल, कोटाची उसवलेली बाही.

मोहोळकरांनी मनाशी दोन प्रश्न ठरवले होते. पहिल्याला ती ‘दिसला’ म्हणाली, तर दुसरा विचारायचा. आणि दुसऱ्यात ते सगळं नाव घेऊन बोलावं लागणार होतं.

“बाई,” ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच साक्षीदाराच्या डोळ्यांत बघून बोलले, “त्या संध्याकाळी मायाप्पा तुम्हाला दिसला, की त्याच्या काठीचे घुंगरू ऐकू आले?”

“हरकत!” येळेगावकर उठले. “साक्षीदाराने काल स्पष्ट सांगितलंय—”

“बसा,” न्यायाधीश म्हणाले. “उत्तर येऊ द्या.”

 बाकावर तिचा मुलगा आणि सून बसली होती, तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग मायाप्पाकडे पाहिलं, बराच वेळ, चेहरा प्रथमच बघत असल्यासारखं. आणि खरंच, तो चेहरा ती नीट प्रथमच बघत होती.

“हे विचारायला तुम्ही फार उशीर केलात, वकीलसाहेब,” ती म्हणाली.

येळेगावकर हसले, त्यांना वाटलं, बाई कालच्या तहकुबीवर टोमणा मारते आहे.

“हो,” मोहोळकर म्हणाले. “उशीर झाला.”

“घुंगरू ऐकले मी. माणूस दिसला नाही. मला दिवेलागणीनंतर दिसत नाही.” ती न्यायाधीशांकडे वळली. “लहानपणापासून. लग्नात सांगितलं नव्हतं, मग कधीच सांगता आलं नाही. फौजदारांनी पाहिलंत का विचारलं, सगळे उभे होते, मी हो म्हणाले. काठी त्याची म्हणजे मारणारा तोच, असं मी धरून चालले. माझं चुकलं.”

कोर्टात कुजबुज उठली. सुनेने तोंडाला पदर लावला. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “काल कोर्ट उठलं तेव्हा अंधार होता, बाई. मग बाहेर कशा गेलात?”

“कुणीतरी पुढे चाललं होतं,” रुद्राणी म्हणाली. “त्या आवाजावर गेले.”

मोहोळकर खाली बसले. दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. तो आपण विचारला असता का, याचं उत्तर मात्र त्यांना पुढे कधीच मिळालं नाही.

मायाप्पा सुटला. निकालाच्या दिवशी तानाबाईने कोर्टाच्या आवारात भंडारा उधळला आणि येळेगावकरांचा काळा कोट पिवळा झाला. “आम्हीही छत्री आणायला हवी होती,” ते कोट झटकत म्हणाले.

आता पत्र लिहायला हरकत नव्हती. पण मोहोळकरांनी स्वतःला सांगितलं, सरकार अपील करील, मुदत संपेतो साक्षीदाराशी संबंध नको. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा होऊन गेली. मुदत संपली. मग वाटलं, तिला आता त्रास होत असेल, आपल्या पत्राने वाढेल. मग वाटलं, ती पत्राची वाट कशाला बघते आहे? आणि मायना? ‘श्रीमती’ लिहायचं? तीस वर्षांनंतरही गाडी तिथेच.

चैत्रात एके दुपारी मायाप्पा त्यांच्या खोलीत आला. खांद्यावर नवी घडीची घोंगडी. ती त्याने टेबलावर ठेवली.

“आयनं दिलीय. आमच्याच मेंढरांची लोकर हाय. न्हाय म्हणू नगासा.”

“अरे, सोलापूरच्या उन्हाळ्यात घोंगडी?”

“थंडी येतीयाच की, साहेब.” तो खुर्चीवर न बसता भिंतीशी टेकला. “त्यो सापडला. चन्नवीर सावकाराचा जुना सालगडी. गुलबर्ग्याकडं पळाला हुता. त्येनंच काठी उचलल्याली, कबूल झाला.”

मोहोळकरांनी डोळे मिटले. छातीवरून काहीतरी उतरलं, आणि तेव्हा कळलं की इतके महिने ते तिथे होतं.

“आन् आमी परत दुधनीला मेंढरं बसवली. त्याच रानात.”

“त्याच?”

“बाईंनीच सांगावा धाडला. काठी सोप्यात टेकवायला गेलो, तर म्हणल्या, आण हिकडं, माज्या हातात दे. काठी हातात घिऊन घुंगरू वाजवून बघितलं त्येंनी. डोळ्याला पानी आलं हुतं.” मायाप्पाने घोंगडीची घडी सारखी केली. “आता सांज झाली की सून त्येंचा हात धरून मठात नेती. पयल्यांदा घरात लई बोलणी झाली म्हणं. आता सून म्हणती, अव्वा, एवढी वरसं एकट्याच कशा चालत हुता?”

मोहोळकर खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीबाहेर सात रस्त्यावर टांगे आणि रिक्षा आपापली वाट काढत होत्या.

“एक निरोप दिलाय बाईंनी,” मायाप्पा म्हणाला. “म्हणल्या, वकीलसाहेबांकडनं एक उत्तर यायचं ऱ्हायलंय, तेवढं आठवण कर. कसलं उत्तर, साहेब? कोर्टाचं काय राह्यलंय का अजून?”

“नाही. कोर्टाचं नाही.”

“मग?”

“माझंच राहिलंय.”

मायाप्पा गेल्यावर त्यांनी अंतर्देशीय पत्र काढलं. मायना घालायची वेळ आली तेव्हा हात थांबला, पण फार वेळ नाही. त्यांनी नुसतं नाव लिहिलं. अक्षर मोठं आणि मोकळं काढलं, म्हणजे वयाच्या डोळ्यांना जड जाऊ नये.

‘रुद्राणी,

तुझं पत्र मिळालं होतं. सांग, असंच मला लिहायचं होतं. आणि मी येतो, असंही. दोन्ही लिहिलं नाही. शेवटी तू एकटीने सांगितलंस. मी सगळ्या रस्त्याने अजून छत्री टोकत चालतो.

भालचंद्र’

शेवटचं वाक्य खोडावं का, असा विचार आला. खोडलं तर कागद खराब दिसेल, आणि नवा घेतला तर पुन्हा बसावं लागेल, हे त्यांनी ओळखलं. डिंक लावून पत्र बंद केलं, दुधनीचा पत्ता घातला आणि भर उन्हात बाहेर पडले. चौकातल्या लाल पेटीशी पोस्टमन पिशवी घेऊन उभाच होता.

“दुधनीला कधी पोचेल?” त्यांनी विचारलं.

“आज निघालं तर उद्या सकाळच्या गाडीनं. दुपारपर्यंत वाटलं जातं. घाईचं आहे का? द्या माझ्याकडेच.”

“नको. मीच टाकतो,” मोहोळकर म्हणाले. दुपारपर्यंत म्हणजे चांगल्या उजेडात मिळेल. त्यांनी छत्री काखेत धरली, पत्र पेटीच्या तोंडात सारलं आणि ते आत पडल्याचा आवाज कान देऊन ऐकला.